कडेने की आतून?



बडोद्याजवळच्या छाणीच्या अगदी शेजारी खताचा कारखाना आहे आणि जरा पुढे कोयलीची रिफायनरी. ती 1965 सालापासून चालू आहे. कुठल्याही रिफायनरीत एकच प्रश्न रोज नवे आकडे घेऊन येतो. कोणते क्रूड किती घ्यायचे आणि कशात काय मिसळायचे, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन भरेल, गंधक मर्यादेत राहील आणि नफाही जास्तीत जास्त होईल? अटी सगळ्या साध्या बेरजेच्या, पण अज्ञात राशी शेकडो, हजारो. या गणिताला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. विमानाच्या पेट्रोलच्या मिश्रणासाठी अमेरिकेत 1952 सालीच ते वापरून झाले होते.

अटींनी वेढलेली जागा पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी असते आणि सर्वांत चांगले उत्तर तिच्या एखाद्या टोकावर सापडते. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये दिलेली सिम्प्लेक्स रीत हिऱ्याच्या कडेकडेने एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाते. व्यवहारात ती झपाट्याने चालते. पण 1972 मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी तिच्यासाठी मुद्दाम एक अडचणीचा हिरा घडवला. त्यात प्रत्येक टोकाला शिवल्याशिवाय सुटका नाही, आणि अज्ञात राशी तीसच असल्या तरी टोके 107 कोटींहून अधिक! पुढे 1979 मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी वेळेची हमी देणारी रीत काढली. हमी पक्की होती, पण प्रत्यक्ष आकडेमोडीत ती रेंगाळायची.

ही कोंडी फोडली नरेंद्र करमरकर यांनी.

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले करमरकर मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडले, बर्कलीला पीएचडी झाले आणि अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तिथे 1984 मध्ये, तिशीही गाठली नसताना, त्यांनी आपली रीत मांडली. ती कडेने जातच नाही, हिऱ्याच्या पोटातून चालते. एक पाऊल टाकले की ती सगळी आकृतीच अशी ताणते की आपण उभे आहोत तो बिंदू मध्यावर यावा. भिंती लांब गेल्या की पुढचे पाऊल मोठे टाकता येते. हमी होती आणि वेगही होता. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

अभिमान वाटावा असेच हे काम, पण पुढची हकिकतही सांगायला हवी. त्यांच्या कंपनीने या रीतीवर पेटंट घेतले आणि गणिताची मालकी कोणाची, असा वाद पेटला. दिकिन या सोव्हिएत गणितज्ञाने 1967 मध्येच जवळची कल्पना छापली होती, हेही उजेडात आले. करमरकरांच्या रीतीचे 1950च्या दशकातल्या फ्रिश यांच्या पद्धतीशी असलेले नाते 1986 मध्ये इतरांनी दाखवून दिले. यामुळे करमरकरांचे श्रेय उणे होत नाही. जुनी वाट बंद पडली होती, ती राजमार्ग झाली ती त्यांच्यामुळे. सिम्प्लेक्सवाल्यांनीही ईर्ष्येने आपली रीत सुधारली. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही शेजारी नांदतात.

यंत्रशिक्षणाशी (मशीन लर्निंगशी) या रीतींचा संबंध जवळचा आहे. सपोर्ट व्हेक्टर मशीन, म्हणजे उदाहरणांची गटांत विभागणी करणारे प्रारूप, शिकवणे म्हणजे अटींखाली किमान किंमत शोधणे, आणि तिथे आतून जाणारी ही रीत कामी येते. तिची पावले मोजकी, बहुधा काही डझन, पण प्रत्येक पावलाला समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागतो. कोट्यवधी राशींच्या न्यूरल नेटवर्कला तो खर्च झेपत नाही. तिथे उताराच्या दिशेने लाखो स्वस्त पावले टाकतात, आणि ती युक्ती गणिती कोशी यांची, 1847 सालची. म्हणजे रीतीची निवड तिच्या झगमगाटावरून करायची नसते. एका पावलाची किंमत किती आणि पावले किती, हा हिशेब आधी मांडायचा असतो.

हा हिशेब मराठीत मांडलेला फार थोडा सापडतो. महाराजा सयाजीरावांनी 1890 मध्ये याच बडोद्यात कलाभवन उघडून कारागिरीला शास्त्राची जोड दिली. त्या गावात जमलेल्या अभियंत्यांकडे आणि शिक्षकांकडे एकच मागणे आहे. प्रत्येकाने आपल्या कामातला एक प्रश्न घ्यावा, तो तीन अज्ञात राशींपर्यंत आणावा आणि आकड्यांसह मराठीत सोडवून दाखवावा. अकरावीच्या मुलाला तो वही-पेन्सिलीने तपासता आला पाहिजे.