गाळाखालचं तांबं आणि रिकाम्या बोअरचं मोल



उघड्यावर असलेल्या तांब्याला लपता येत नाही. हवा-पाणी लागलं की त्यावर हिरवा मॅलाकाइट चढतो, आणि तो डाग हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्याही नजरेतून सुटला नाही. राजस्थानात खेत्रीला, झारखंडात सिंगभूमला, सोन्यासाठी कर्नाटकात हट्टीला आधुनिक भूवैज्ञानिक पोचले तेव्हा जुन्या खाणींचे खड्डे तिथे आधीच होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८६१ मध्ये मुंटा इथे पॅट्रिक रायन नावाच्या मेंढपाळाला एका बिळातून उकरून आलेल्या मातीत तांबं दिसलं. बीळ वॉम्बॅटचं होतं म्हणतात. पण वर साडेतीनशे मीटर गाळाचे खडक असतील तर कुठला वॉम्बॅट तिथवर उकरत जाणार? अशा झाकलेल्या तांब्या-सोन्याच्या शोधाबद्दल मी आज बोलणार आहे. त्यातही विशेष करून त्या बोअरबद्दल, जिच्यात काहीच लागत नाही.

मुंटाच्या उत्तरेला बऱ्याच अंतरावर रॉक्स्बी डाउन्स हे मेंढ्यांचं विस्तीर्ण रान होतं. लाल वाळूच्या टेकाडांनी भरलेलं आणि पाण्याचं दुर्भिक्ष असलेलं. जनावरांसाठी तिथे एक तळं बांधलं, त्या सुमारास मेलबर्नला १९५६ चं ऑलिंपिक झालं, म्हणून त्याचं नाव पडलं ऑलिंपिक डॅम. तळ्याखालचे आडवे थर चाळून काढले तरी कामाचं काही हाती लागलं नसतं. धातू त्यांच्याही खालच्या, सुमारे १५९ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटात होता. गाळ त्यावर कितीतरी नंतर साचला.

वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन या कंपनीने तिथे बोअर मारायचं ठरवलं ते कशाच्या जोरावर? डग्लस हेन्स या तरुण भूवैज्ञानिकाचा अभ्यास असा होता की बेसॉल्टचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातलं तांबं सुटून पाण्याबरोबर निघून जातं. मग असा तांबं गमावलेला बेसॉल्ट शोधायचा आणि त्याच्या वरच्या गाळात ते तांबं कुठे अडकलं ते बघायचं, हा त्याचा तर्क. असा बेसॉल्ट हुडकायला ह्यू रटर या भूभौतिकतज्ज्ञाने सरकारी नकाशे पुढ्यात घेतले आणि गुरुत्वाकर्षण व चुंबकत्व दोन्ही एकाच ठिकाणी जास्त भरतात अशा जागा काढल्या. तिसरे टिम ओ'ड्रिस्कॉल. ते खंडभर पसरलेल्या भूरचनेच्या रेषा काढत आणि त्या जिथे छेदतात तिथे बोट ठेवत. या रेषांवर माझा फारसा विश्वास नाही. नकाशावर पुरेशा रेषा ओढल्या की त्या कुठे ना कुठे छेदणारच. पण तिघांची बोटं एकाच भागावर पडली, हेही खरं.

इथे एक तांत्रिक गोष्ट जरा सावकाश सांगतो. गाळाच्या खडकांना चुंबकत्व जवळजवळ नसतं. त्यामुळे विमानातून मोजणी केली की ते आडवे येत नाहीत, खालचा खडकच बोलतो. गुरुत्वाकर्षणाचं काम जास्त कष्टाचं. पृथ्वीचं गुरुत्व साधारण ९,८०,००० मिलिगॅल, आणि आपण शोधत असतो त्यातला मोजक्या काही मिलिगॅलचा फरक. उपकरणाच्या जागेची उंची एका मीटरने चुकली तरी सुमारे ०.३ मिलिगॅलची चूक होते. म्हणजे खडकाचं वजन बघायला गेलेल्या माणसाचा निम्मा दिवस जमिनीची उंची मोजण्यातच जातो.

जुलै १९७५ मध्ये तळ्याजवळ पहिली बोअर मारली. साडेतीनशे मीटर गाळ संपल्यावर ३५३ मीटरपासून पुढे ३८ मीटर जाडीत १.०५ टक्के तांबं लागलं. पण अपेक्षित बेसॉल्टचा तिथे पत्ता नव्हता. लोखंडी डब्यात ओळीने मांडलेला तो दंडगोल गाभा डोळ्यासमोर आणा. फुटलेल्या ग्रॅनाइटचे कोनेदार तुकडे, आणि त्यांच्या सांध्यांत मुरलेलं गडद, पोलादी झाक असलेलं हेमॅटाइट. नखाने नाही, पण पोलादी टोकाने ओरखडा काढला की लालभडक भुकटी निघते. हेमॅटाइट भरपूर असलेला तुकडा हातात घेतला की मनगटाला लगेच फरक कळतो. ग्रॅनाइटची घनता २.६५ च्या आसपास, हेमॅटाइटची ५.२. गुरुत्वाच्या नकाशावरचा उंचवटा या लोखंडाचा होता.

तर्क चुकला, जागा बरोबर निघाली. हे निव्वळ नशीब होतं असं मी म्हणणार नाही. तर्क बोअर मारून तपासता येईल असा होता आणि त्याच्या जोडीला मोजलेले आकडे होते. शिवाय पुढे जे निघालं ते अपेक्षेत बसत नाही म्हणून कुणी फेकून दिलं नाही. मधल्या काही बोअर निराशा करणाऱ्या होत्या. १९७६ च्या अखेरीस दहाव्या बोअरने १७० मीटर जाडीत २.१ टक्के तांबं दाखवलं, तेव्हा कुठे खाली काय पडलंय याचा अंदाज आला. तांब्याबरोबर सोनं, चांदी आणि युरेनियम. खाण सुरू झाली १९८८ मध्ये.

या गाभ्याने पुढच्यांना धडाही दिला. लोखंड मॅग्नेटाइटच्या रूपात असेल तर चुंबकत्व जोरदार असतं. तेच ऑक्सिडीकरणाने हेमॅटाइट झालं की वजन राहतं, चुंबकत्व बहुतांशी जातं. तांबं पुष्कळदा या दुसऱ्या प्रकाराबरोबर भेटतं. म्हणून चुंबकीय उंचवट्याच्या डोक्यावर न जाता त्याच्या शेजारी, जिथे वजन आहे पण चुंबक गप्प आहे, तिथे बघायला लोक शिकले. २००५ मध्ये कॅरापटीना हा साठा सुमारे ४७० मीटर आवरणाखाली सापडला, तो रूडी गोमेझ यांच्या छोट्याशा कंपनीला, आणि बोअरच्या खर्चाचा काही भाग राज्य सरकारने उचलला होता.

आणि आता ओक डॅम. ऑलिंपिक डॅमपासून सुमारे ६५ किलोमीटरवर. १९७६ मध्येच तिथे बोअर झाल्या होत्या. लोखंड होतं, तांबं होतं, पण खाणीजोगं नव्हतं. गाठोडं बांधून मंडळी परतली. चार दशकांनी बीएचपी ही खाणकंपनी तिथे परत गेली आणि २०१८ मध्ये १,०६३ मीटर खोलीपासून ४२५.७ मीटर जाडीत ३.०४ टक्के तांबं लागल्याचं जाहीर केलं. त्यातल्या १८० मीटरमध्ये तर ६.०७ टक्के. जुन्या बोअरना त्या काळी अपयश म्हटलं असेल. पण इथे लोखंडाची मोठी प्रणाली आहे, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं सरकार कंपन्यांकडून बोअरच्या नोंदी घेतं, गाभे सांभाळतं, आणि ठरावीक काळानंतर ते कुणालाही बघता येतात. माझ्या मते झाकलेल्या मुलखात कुठल्याही नव्या उपकरणापेक्षा हे गोदाम जास्त कामाचं. निलगिरीच्या पानांत सोन्याचे कण सापडल्याची बातमी २०१३ मध्ये खूप गाजली. संशोधन अस्सल होतं, पण तिथलं सोनं पस्तीस मीटरच्या आसपास खोल होतं. झाडाची मुळं काही चारशे मीटर जात नाहीत.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारणारच. आपलं झाकण गाळाचं नाही, लाव्हाचं. दख्खनचा बेसॉल्ट आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि तो स्वतःच चुंबकीय आहे. ऑस्ट्रेलियातल्यासारखं आवरण आरपार बघायची सोय इथे सहजी नाही. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटरची बोअर घेतली, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या सुमारास लाव्हा संपून थेट ग्रॅनाइट लागला. सह्याद्रीखाली ही खोली, म्हणून तिथे खाणीचा विचारही करू नये. विदर्भात मात्र पूर्वेकडे लाव्हाची कड पातळ होत जाते, आणि त्या कडेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे, उघड्या पडलेल्या प्राचीन खडकांच्या भागात तांबं नोंदलं गेलंय. त्या कडेच्या गावांमध्ये पाण्यासाठी बोअर मारल्या जातात. काही लाव्हा पार करून खालच्या खडकात शिरतात. गाडीवाला चुरा बाहेर फेकतो, पाणी लागलं तर पैसे घेतो, नाही लागलं तरी घेतो, आणि चुरा बांधाला पडून राहतो. किती फुटांवर काळा दगड संपला आणि पुढे कुठला लागला, एवढं गाडीवाल्याने लिहून द्यावं आणि दर दहा फुटांचा मूठभर चुरा पिशवीत भरून तालुक्याला जमा करावा, असा नियम करायला फार मोठा खर्च येणार नाही.