परदेशातील गृहप्रवेश व आपले पंचांग
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपली मुले सांप्रत दूरदेशी घरे घेऊ लागली आहेत. मुहूर्त मात्र जालन्याहून मागवितात. असाच एक मुहूर्त मीही धाडला होता. त्यात झालेली चूक आपणांपुढे मांडतो.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. फेब्रुवारीच्या मध्यास, माघ शुद्ध दशमीस, मृग नक्षत्र पाहून मी त्यास दुपारी १ ची वेळ कळविली. गृहप्रवेशास स्थिर लग्न प्रशस्त, आणि तेव्हा जालन्यात वृषभ लग्न होते. वर्गात पृथ्वीचा गोल फिरविण्यात आयुष्य घालविलेल्या मला एवढेही सुचले नाही की, येथे दुपारचा १ वाजतो तेव्हा तेथे हिवाळ्यात रात्रीचे २.३० झालेले असतात! बरे, तेथील घड्याळाचा १ धरावा, तर तेथे मिथुन हे द्विस्वभाव लग्न लागलेले.

तिथी व नक्षत्र संपण्याचा क्षण साऱ्या जगास एकच. घड्याळातील आकडा तेवढा निराळा. लग्नाचे तसे नाही. ज्या गावी उंबरठा, त्या गावच्या पूर्वक्षितिजावरून ते ठरते. फार कशाला, आपले जालनाही प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या साडेसहा अंश पश्चिमेस असल्याने येथील मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी २६ मिनिटांनी होते. शके १५२२ मध्ये काशीस 'मुहूर्तचिंतामणी' रचणाऱ्या रामदैवज्ञापुढे हा घड्याळांचा घोळ नव्हता.

चूक ध्यानी आली तोवर गृहप्रवेश उरकला होता. त्याच वर्षी मुलाची नोकरी गेली. दोहोंचा संबंध नाही, असे मी मनास बजावी. पण झोप येत नसे. सहा महिने पत्नीसही बोललो नाही. अखेर दूरध्वनीवर मुलापाशी कबुली दिली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, इथल्या गुरुजींनी इथलं लग्न काढून साडेअकरालाच कलश आत नेला होता. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

नोकरी पुढे दुसरी मिळाली. यंदा पुतण्याने मेलबर्नला घर घेतले. तेथे तर दक्षिण गोलार्ध. आपल्याकडे लवकर उगवून जाणाऱ्या राशी तेथे रेंगाळतात. मी दिवस तेवढा सुचविला आणि वेळ तेथील गुरुजींस विचार, म्हणून कळविले.