बिऱ्हाड की वास्तू?
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, वडीलधाऱ्यांचा सत्कार व्हावा, हा आपला नेहमीचा परिपाठ आहे. यंदा मात्र चिटणिसांनी मला घराविषयी बोलावयास सांगितले आहे, आणि तेही सैन्यात नोकरी करणाऱ्यांच्या घराविषयी. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी अनेकांचा मुलगा, भाऊ किंवा जावई आज सैन्यदलांत आहे. कोणी देवळालीच्या तोफखान्यात, कोणी अहिल्यानगरच्या रणगाडा दळाच्या केंद्रात, कोणी बेळगावात, तर कोणी सरहद्दीवर आहे. दोन-तीन वर्षे उलटली की बदलीचा हुकूम येतो आणि घरात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो : नव्या गावी भाड्याने राहावे, की आता एकदाचे घर विकत घ्यावे? सैन्याच्या हिशेबखात्यातील माझ्या नोकरीच्या काळात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर एकदा सर्वांसमोर मांडावे असे वाटू लागले. चिटणिसांनी ती संधी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. हा प्रश्न एक नसून दोन आहेत. आज कुटुंबाने कोठे राहावे, हा पहिला. आणि नोकरी संपल्यावर कोठे स्थायिक व्हावे, हा दुसरा. आपल्या भाषेने या दोहोंसाठी दोन निरनिराळे शब्द ठेवले आहेत. पहिल्याला आपण बिऱ्हाड म्हणतो, दुसऱ्याला वास्तू. बिऱ्हाड बदलीच्या हुकमाप्रमाणे हलावे आणि वास्तू कुटुंबाच्या विचाराप्रमाणे उभी राहावी. बदलीच्या हुकमाने वास्तू ठरवू लागलो की घोटाळा सुरू होतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कुटुंबासाठी सरकारी क्वार्टर मिळत असेल तर बहुधा तेच सर्वांत सोयीचे. क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ता बंद होतो, एवढीच त्याची किंमत. क्वार्टर नसेल किंवा प्रतीक्षायादी लांब असेल तर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत १ जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के असा शहरांच्या एक्स, वाय आणि झेड या वर्गांप्रमाणे झाला. ज्याचे मूळ वेतन ३५,००० रुपये आहे त्याला पुण्यामुंबईत १०,५०० रुपये आणि लहान गावी ३,५०० रुपये मिळतात. ही रक्कम प्रथम कागदावर लिहावी आणि मगच घरे पाहावयास निघावे. नेमणूक सरहद्दीवर झाली तर कुटुंबास मागे ठेवण्यासाठी निराळ्या सवलती आहेत. विभक्त कुटुंबांची वसाहत, जुन्या गावचे क्वार्टर काही काळ ठेवण्याची मुभा, इत्यादींबद्दल आपल्या युनिटच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. ऐकीव माहितीवर सामान हलवू नये.

येथे कोणीतरी म्हणेल, "भाडे म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा. त्यापेक्षा हप्ता भरला तर घर तरी आपले होते." हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे आणि तो वरवर पटण्यासारखाही आहे. म्हणून एक हिशेब आपणांपुढे ठेवतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापले आकडे घालून प्रत्येकाने तो पुन्हा करावा.

समजा, बदलीच्या शहरात ६० लाखांची सदनिका घेतली. १२ लाख पदरचे घातले आणि ४८ लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. तीन वर्षांनी पुन्हा बदली झाली. तोपर्यंत सुमारे १५ लाख रुपये भरून झालेले असतात. परंतु मुद्दल कमी होते ते अवघे ३ लाख १२ हजारांनी. उरलेले ११ लाख ८७ हजार निव्वळ व्याज असते, कारण कर्जाच्या आरंभीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. त्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार आणि विकताना एक टक्का दलाली ६० हजार मिळवा. बेरीज १७ लाखांच्या घरात जाते. तशाच घराला दरमहा १५,००० रुपये भाडे दिले असते तर तीन वर्षांत ५ लाख ४० हजार खर्च झाला असता. म्हणजे नुसती बरोबरी साधण्यासाठीदेखील त्या घराची किंमत तीन वर्षांत साडेअकरा लाखांहून अधिक वाढली पाहिजे, दरसाल सुमारे सहा टक्क्यांनी. पदरच्या १२ लाखांवर बुडालेले व्याज, घरपट्टी आणि सोसायटीची वर्गणी मी या हिशेबात धरलेलीच नाही.

तेव्हा पाण्यात जातो तो केवळ भाड्याचा पैसा नव्हे. व्याज, मुद्रांक आणि दलाली यांचाही पैसा परत येत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुक्कामासाठी घर विकत घेणे बहुधा तोट्याचे ठरते. तेच घर दहा-बारा वर्षे राहण्यासाठी घेतले तर मुद्रांकाचा खर्च अनेक वर्षांवर विभागला जातो, मुद्दलही फिटू लागते आणि भाड्याचे दर चढत गेले तरी हप्ता फारसा हलत नाही. म्हणून घर घेण्यापूर्वी 'येथे किंमत किती?' याबरोबरच 'येथे आम्ही किती वर्षे राहणार?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, वास्तूचा. सैनिकाची स्थिती इतर नोकरदारांहून या बाबतीत अगदी निराळी आहे. बँकेतला कारकून साठीला निवृत्त होतो. शिपाई म्हणून भरती झालेला जवान चाळिशीच्या आतबाहेरच पेन्शनवर येतो. त्या वेळी मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि दुसरी नोकरी शोधावयाची असते. ज्या दिवशी गणवेष उतरतो त्यानंतर थोड्याच काळात क्वार्टरही सोडावे लागते. अशा वेळी डोक्यावर स्वतःचे छप्पर नसेल तर सन्मानाने घरी आलेला मनुष्य भाड्याच्या खोल्या शोधीत हिंडतो. हे मी पाहिले आहे, आणि म्हणूनच 'कधीच घर घेऊ नका' असे मी म्हणत नाही. माझे सांगणे असे की, निवृत्तीला आठ-दहा वर्षे असताना वास्तूचा विचार सुरू करावा आणि तो नेमणुकीच्या गावाचा नसून पुढील आयुष्याच्या गावाचा असावा. मुलांचे शिक्षण कोठे व्हायचे, दुसरी नोकरी कोठे मिळण्यासारखी आहे, जवळचे लष्करी रुग्णालय किंवा माजी सैनिकांचे आरोग्य-केंद्र किती अंतरावर आहे, आणि गावचे घर व शेत कोण पाहणार आहे, या चार गोष्टींची उत्तरे ज्या ठिकाणी जुळतील ते आपले ठिकाण.

अग्निवीर म्हणून २०२२ नंतर भरती झालेल्या आपल्या तरुणांसाठी दोन शब्द निराळे बोलतो. त्यांची नोकरी चार वर्षांची असून त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. शेवटी मिळणारा सेवा निधी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा असतो. पंचविशीच्या आसपासच ही रक्कम हाती येते आणि घरातील वडीलधारे लगेच म्हणतात, "बांधून टाक घर." त्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे की, मुलाचा पुढचा व्यवसाय ठरेपर्यंत ते पैसे विटामातीत घालू नका.

भाड्याने राहणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्यानेही कायदा थोडा जाणून घ्यावा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. आपण लीव्ह अँड लायसन्सच्या कराराने घर घेत असाल तर मुदतीपूर्वी घर सोडता येणार नाही अशी अट त्यात आहे काय, हे नीट वाचावे आणि 'बदलीचा हुकूम दाखविल्यास एक महिन्याच्या सूचनेने घर सोडता येईल व अनामत परत मिळेल' असे कलम घालून घ्यावे. अमेरिकेत सैनिकाला हा हक्क २००३ च्या कायद्यानेच दिलेला आहे. आपल्याकडे तो कागदावर लिहून घेणेच शहाणपणाचे. उलटपक्षी, सैनिक स्वतः घरमालक असेल तर आपल्या याच १९९९ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला राहण्यासाठी घराची खरीखुरी गरज असेल तर अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याला ताबा मागता येतो. निवृत्त सैनिकालाही ही तरतूद लागू आहे. आपले घर अडकून पडेल या भीतीने कुलूप लावून ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता कागदपत्रांविषयी. आपल्यापैकीच एका कुटुंबाची हकीकत आहे. नाव सांगत नाही. उत्तरेकडील एका छावणीत असताना एका जवानाने सहकाऱ्यांच्या नादाने जवळच्या वसाहतीत भूखंड घेतला. खरेदीखत झाले नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवरच पैसे मोजले. बदली झाली. पुढे कळले की तोच तुकडा दुसऱ्यालाही दिलेला आहे. रजेचे दिवस कज्जेखटल्यात जाऊ लागले आणि पत्नीने मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे वकिलाकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सुरज लॅम्प' प्रकरणात स्पष्टच सांगितले आहे की, केवळ मुखत्यारपत्राने स्थावराची मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. बदलीच्या घाईत सापडलेला सैनिक हा अशा विक्रेत्यांना सोपा गिऱ्हाईक वाटतो, कारण हा मनुष्य पुन्हा चौकशीला येणार नाही, हे त्यांना ठाऊक असते.

बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली तिची नोंदणी पाहावी. करार नोंदविल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकामदारास घेता येत नाही, हे विसरू नये. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जमीन असेल तर सात-बारा, बिगरशेती आदेश आणि बोजा तपासावा. सैनिकांसाठी घरे बांधणाऱ्या संस्थाही आहेत. आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशन ही संस्था १९७८ पासून हे काम करीत आहे. तिच्या योजना अवश्य पाहाव्यात. परंतु तेथेही डोळे उघडे ठेवावेत. कोची येथील तिच्या 'चंदर कुंज' वसाहतीतील दोन मनोरे धोकादायक ठरून ते पाडून पुन्हा बांधण्याचा आदेश केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. संस्था आपली आहे म्हणून बांधकामाची तपासणी करू नये, असे होत नाही.

भगिनींनो, शेवटची गोष्ट मी मुख्यतः आपल्यासाठी राखून ठेवली आहे. सैनिकाच्या घराचा खरा कारभार आपल्याच हाती असतो. बिऱ्हाड बांधायचे, दाखले काढायचे, नव्या गावी शाळा शोधायची, हे सारे आपणच करता. मग घराच्या दस्तावर आपले नाव नसावे, हे कोणत्या न्यायाने? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर ती ६० हजारांची होते. पतिपत्नी दोघांच्या नावे घेतल्यास ही सवलत मिळत नाही, परंतु दोघांचा हक्क दस्तावर येतो. काय करावे ते दोघांनी बसून ठरवावे. पण दोघांनी ठरवावे. कर्ज काढाल तर त्या कर्जाचा विमा आहे ना, वारसाचे नाव नोंदले आहे ना, मूळ कागद कोठे ठेवले आहेत, हे आपणांस माहीत असलेच पाहिजे. सैनिकाच्या घरी ही चौकशी अशुभ मानू नये. उद्या दुर्दैवाने काही ओढवले तर पत्नीच्या हाती वास्तू राहावी, फेडावयाचे कर्ज राहू नये.

मंडळाला माझ्या दोन सूचना आहेत. छावणीच्या गावी राहणाऱ्या आपल्या सभासदांची एक यादी करावी, म्हणजे बदलीवर येणाऱ्या कुटुंबास आरंभीचे चार दिवस उतरावयास आणि योग्य बिऱ्हाड पाहावयास ज्ञातीचे माणूस मिळेल. दुसरी सूचना अशी की, आपल्यातील वकील बंधूंनी महिन्यातून एक रविवार सैनिकांचे दस्त वाचून देण्यासाठी ठेवावा. आपण या मुलांचे हार घालून सत्कार करतो, ते योग्यच आहे. त्यांची आयुष्यभराची पुंजी चुकीच्या कागदावर जाऊ न देणे, हाही त्यांचा सत्कारच होईल.

 जय हिंद.