बंद पियानो

क्लारा शुमानचं नाव घेतलं की मला आधी तिचा बंद पियानो आठवतो. जर्मनीतली ही नामवंत वादक. बापाचा विरोध, म्हणून लग्नासाठी दोघं कोर्टात गेली; १८४० मध्ये रॉबर्टशी लग्न झालं. आणि मग? नवरा संगीतरचना करायला बसला की हिचा रियाज बंद! आठ बाळंतपणं झाली, तरी दौरे तिनं सोडले नाहीत. १८५६ मध्ये तो वारला. सात मुलांचा संसार तिनं कार्यक्रमांच्या कमाईवर चालवला. स्वतःच्या रचना मात्र जवळपास थांबल्याच. पुढे शंभर मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं. मला ते बुडालेले तासच दिसतात. शेवटचा जाहीर कार्यक्रम तिनं १८९१ मध्ये केला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.