माळ घातल्यानंतरचे पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी, शिरोळ येथे केलेले भाषण)



‘प्रेमकथा आणि अपेक्षाभंग’ या विषयावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसूच आले. नातवंडांना परवचा म्हणून घेण्याच्या वयात प्रेमकथांवर काय बोलायचे? पण मग वाटले, अपेक्षाभंगावर बोलायला तरी हेच वय बरे. विशीत तो कळत नाही, चाळिशीत सांगवत नाही.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. मराठी प्रेमकथा जिथे रुजली, वाढली, ते कोल्हापूर आपल्यापासून एस.टी.च्या वाटेवर आहे. ना. सी. फडके तिथे राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून 1938 साली कोल्हापुरास आले, ते कायमचे. त्याआधीच 1936 मध्ये त्यांच्या कथेवर मास्टर विनायकांचा ‘छाया’ निघाला होता. 1929 साली प्रभात कंपनीही कोल्हापुरातच सुरू झाली. ती पुण्याला गेली पुढे, 1933 मध्ये. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’, हा फडके-खांडेकरांचा वाद मोठमोठ्या माणसांनी घातला. आम्हा मुलींना त्या वादाशी कर्तव्य नव्हते. वाचनालयातून पुस्तक हाती लागले की चुलीपुढे बसून ते संपवायचे आणि आईची चाहूल लागली की परातीखाली सारायचे, एवढेच आम्हांला ठाऊक.

फडक्यांच्या कादंबरीत काय असे, ते तुम्हांला मी नव्याने सांगायला नको. नायक शिकलेला, देखणा, बोलण्यात चतुर. नायिका त्याहून देखणी. मध्ये काही गैरसमज, रुसवे, एखादे पत्र चुकीच्या हाती पडणे. शेवटी सगळे उलगडते आणि दोघे एकत्र येतात. वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही, हे त्यांचे कसब; आणि ‘प्रतिभासाधन’ लिहून ते इतरांना शिकवण्याचीही त्यांनी तयारी ठेवली होती. पण त्या नायकाचे पोट कशावर चालते, धुणी कोण धुते, सासूचे दुखणे कोण काढते, हे तिथे विचारायचे नाही. खांडेकरांकडे गरिबी होती, ध्येय होते. पण त्यांची माणसे इतकी सुंदर बोलत आणि इतका त्याग करीत, की आपल्या घरात तसे बोलणारे कोणी नाही याचेच वाईट वाटे. दोन्हीकडे बहुधा गोष्ट जिथे संपायची, तिथूनच आपली सुरू व्हायची. माळ घातली की पान संपले!

याला अपवाद नव्हते असे नाही. 1959 साली आलेल्या ‘ययाति’त लग्नानंतरचेच सारे आहे; आणि ते ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने सांगतात. पण ती मी वाचली चाळिशीत. 1933 साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यात सरळ लिहिले होते. केवढा गहजब झाला! ही बाई कोण याचाच शोध चालला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या. एका बाईने खरे सांगितले तर एवढे वादळ उठते, हे पाहिल्यावर घराघरांतल्या बायांनी गप्प बसणेच पत्करले, यात नवल काय?

सिनेमाचेही तसेच. शांतारामबापूंचा ‘कुंकू’ 1937 चा. म्हाताऱ्याशी फसवून लावलेले लग्न नीरा मानत नाही. शांता आपटे यांची ती नीरा पाहून आजही अंगावर काटा येतो. पण शेवट काय? नवऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो जीव देतो. प्रश्न सुटला! भगिनींनो, आपल्याकडे नवऱ्याला एवढा पश्चात्ताप होत नाही. तो सकाळी उठतो आणि चहा मागतो.

आता अलीकडचे पाहू. 2016 साली ‘सैराट’ आला, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळजणी गाण्यांसाठी गेल्या. पूर्वार्धात सगळे हवे तसे होते. मग ती दोघे पळून हैदराबादेस जातात. झोपडपट्टी, घाण, तिची नोकरी, त्याचा संशय, भांडणे. आणि शेवट तर सांगवतच नाही. परतताना एकजण म्हणाली, “पैसे देऊन रडायला गेलो की गं!” तेव्हा माझ्या मनात आले, हे कसे? गोष्ट माळेपाशी थांबली तर आपण म्हणतो, खोटी आहे. पुढे गेली तर म्हणतो, कशाला दाखवली? मग आपल्याला हवे आहे तरी काय?

याचे उत्तर मला माझ्या मुलीने आधीच दिले होते. माझ्या ध्यानात यायला वर्षे लागली. तिचे लग्न 2004 साली झाले. माणसे चांगली, मुलगा निर्व्यसनी. चार महिन्यांनी ती माहेरी आली, ती गप्प गप्प. रात्री भांडी आवरताना तिने विचारले, “आई, असंच असतं का गं?” मी झटकन म्हणाले, “कादंबऱ्या वाचून आणि सिनेमे बघून डोकं फिरलंय तुझं.” तिने हातातले पातेले खाली ठेवले. म्हणाली, “मग मला दुसरं कुणी काही सांगितलं होतं का? तू तरी कधी बोललीस?”

मला उत्तर देता आले नाही.

कारण मी खरोखरच काही बोलले नव्हते. 1977 साली मी या गावात सून म्हणून आले. ट्रंकेत लुगड्यांखाली एक कादंबरी होती. घर उसाचे, माणूस कष्टाळू, स्वभावाने वाईट मुळीच नाही. पण ते माझ्याशी बोलत ते मिठाचे, दुधाचे आणि पै-पाहुण्यांचे. कादंबरीतले एखादे वाक्य तरी ते कधी बोलतील म्हणून मी पहिले वर्षभर वाट पाहिली. पुष्कळदा रडले. माहेरी गेले की आई विचारी, “सुखात आहेस ना?” मी म्हणे, “हो.” तोच ‘हो’ मी माझ्या लेकीच्या हाती ठेवला होता.

पुढे 2019 चा ऑगस्ट आला. कृष्णा-पंचगंगेने आपल्या तालुक्याची काय दशा केली, ते तुम्ही सगळ्यांनी भोगले आहे. आम्ही आठ दिवस एका शाळेच्या खोलीत होतो. सासवा, सुना, लेकी एका ओळीने सतरंजीवर. रात्री दिवा नाही, झोप नाही. एका रात्री एक वृद्ध बाई आपणहून म्हणाल्या, “लग्न झाल्यावर सात वर्षं मी मालकांचं तोंड दिवसा नीट बघितलं नव्हतं.” आधी सगळ्या हसल्या. मग कोणीच हसेना. मग एकेक बोलू लागली. घर पाण्यात होते, झाकून ठेवायला काही उरले नव्हते, म्हणूनच की काय, त्या रात्री खोटे कोणी बोलले नाही.

माझ्या सुनेने अंधारातच विचारले, “आत्या, तुमचं कसं झालं?” तेव्हा मी तिला सांगितले. दुसऱ्या वर्षी एका रात्री मी धीर करून म्हणाले होते, “अहो, दिवसातून एकदा तरी माझ्याशी कामाखेरीज काही बोला.” ते गोंधळले. म्हणाले, “काय बोलू?” मी म्हणाले, “उसाचं बोला.” आणि ते बोलले. लावण कोणती, पाण्याची पाळी कधी, तोड का लांबली, यंदा वजन का घटले. मला अर्धे कळले नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते आपणहून म्हणाले, “कालचं राहिलं होतं सांगायचं.” आमच्या घरची प्रेमकथा ही एवढीच. तिच्यात चांदणे नाही. सगळे दुखणे तिने बरे केले असेही मी म्हणणार नाही. पण ते वाक्य मी मागितले नसते, तर मला मिळालेच नसते.

पूर ओसरल्यावर हेच मी मुलीला फोनवर सांगितले. ती हसली, आणि मग म्हणाली, “आई, हे पंधरा वर्षं आधी सांगितलं असतंस तर?”

भगिनींनो, माझे म्हणणे इतकेच. कादंबरीने आणि सिनेमाने आपल्याला फसवले, ही तक्रार अर्धीच खरी आहे. लग्न म्हणजे काय, हे मुलींना सांगण्याचे काम आपण आयांनी केले नाही; ते आपण फडक्यांवर आणि पडद्यावर सोडून दिले. त्यांनी त्यांच्या परीने सांगितले. पुढचे पान आपल्याजवळ होते आणि ते आपण परातीखाली लपवून ठेवले. मुलींच्या हातची पुस्तके काढून घेऊ नका, त्यांना सिनेमालाही जाऊ द्या. फक्त त्या परत आल्या की पुढचे पान आपण वाचून दाखवावे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यापैकी कुणाच्या मुलीचे केळवण असेल, तेव्हा खण-नारळ द्यावाच; पण जमलेल्या प्रत्येकीने तिला आपल्या संसारातली एक खरी गोष्ट सांगावी. गोड असो वा कडू, पण खरी. आणि तिला काही विचारायचे असेल, तर ते ऐकून घ्यावे. “कादंबऱ्या वाचून डोकं फिरलंय” हे वाक्य मात्र त्या दिवशी कुणी उच्चारू नये. मी एकदा उच्चारले. त्याची भरपाई करायला मला पंधरा वर्षे आणि एक महापूर लागला.