गाडी कुठे अडली?

(एटोबिको येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या वाढदिवसाला हल्ली आर्डुइनोचा संच भेट म्हणून येतो. मूल उत्साहाने प्रोग्रॅम लिहितं, 'अपलोड' दाबतं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटतात. दोन-तीनदा असं झालं की "मला हे जमत नाही" म्हणून बोर्ड कपाटात जातो. हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय, की आज त्यावरच बोलणार आहे. कारण बरेचदा मुलाचा प्रोग्रॅम ठीक असतो, अडचण वाटेत असते.

२००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी हा बोर्ड तयार झाला, तो डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे इंजिनियर नसलेल्यांनाही तो वापरता यावा, हाच हेतू. तेव्हा आई-बाबा, आजी-आजोबा, घाबरू नका!

आधी 'व्हेरिफाय' दाबा. तिथेच चूक दाखवली तर ती प्रोग्रॅमची. ते पार पडलं, तर पुढचा प्रवास असा: संगणक, केबल, बोर्डावरची यूएसबीची चिप आणि शेवटी मुख्य चिप. किपलिंगला सबवेत बसलेला पाहुणा केनेडीला पोहोचला नाही, तर आपण त्याच्या कपड्यांना नावं ठेवत नाही. कुठल्या स्टेशनात अडकला ते बघतो. इथेही तसंच.

पहिलं स्टेशन केबलचं. पोर्टची यादी उघडा, केबल काढा, परत लावा. यादीतलं एखादं नाव जातं-येतं का? नसेल, तर केबल बदला. फोन चार्ज करणाऱ्या काही केबलमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा मात्र छान लागतो, आणि आपण फसतो! केबल बदलूनही नाव दिसलं नाही, तर ड्रायव्हर बघा. स्वस्त बोर्डांवर बरेचदा सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर कधी कधी वेगळा टाकावा लागतो.

पोर्ट दिसतोय, पण 'बिझी' म्हणतोय? मग दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तो धरून ठेवलाय. तो बंद करा.

'नॉट इन सिंक' आलं, तर बोर्डाचं नाव तपासा. 'नॅनो'च्या जुन्या बोर्डांना 'ओल्ड बूटलोडर' निवडावा लागतो. जुना ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० च्या. दोघांचं जमणार कसं? शिवाय ऊनो आणि नॅनोवर ० आणि १ नंबरच्या पिनांना काही जोडलं असेल तर काढा. अपलोड त्याच वाटेनं जातं.

एवढं करूनही अडलं, तर ऊनोवर ही परीक्षा घ्या. बाकी सगळ्या तारा काढा. रीसेट आणि ग्राउंड एका तारेनं जोडा, म्हणजे मुख्य चिप गप्प राहते. दुसऱ्या तारेनं पिन ० आणि १ एकमेकींना जोडा. 'सीरियल मॉनिटर'मध्ये काहीही टाइप करून पाठवा. अक्षरं परत आली, तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप तिन्ही ठणठणीत. मग दोष मुख्य चिपचा, नाहीतर तिच्यातल्या बूटलोडरचा. ऊनोच्या ३२ केबीपैकी जेमतेम अर्धा केबी व्यापणारा हा छोटा प्रोग्रॅमच नवा प्रोग्रॅम आत घेतो. तो पुसला गेला असेल, तर दुसऱ्या ऊनोच्या मदतीनं पुन्हा टाकता येतो. बोर्ड फेकू नका.

आपल्या इथल्या कोरड्या हिवाळ्यात आणखी एक पथ्य: कार्पेटवरून चालत आलात, तर बोर्ड उचलण्याआधी धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावा. अंगातली ठिणगी चिपला भोवू शकते.

आणि कळकळीची विनंती. माउस मुलाच्याच हातात राहू द्या. "पोर्ट दिसतोय का रे?" एवढं विचारा आणि शेजारी बसा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं, ही सवय त्याला लागली, तर पुढच्या वेळी लाल अक्षरं दिसल्यावर बोर्ड कपाटात जाणार नाही.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा.