घरांतील झाडांसाठीं ट्यूबलाइटची निवड

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. ज्या देशांत सूर्यनारायण वर्षाचे आठ महिने मनसोक्त तापतो, त्या देशांत झाडांस विजेचा उजेड दाखविण्याची वेळ यावी, हें वरवर पाहतां विचित्र दिसतें खरें. परंतु मुंबई-पुण्याच्या वस्तींतून एकदां डोळसपणें फेरफटका मारावा, म्हणजे त्याचें कारण आपोआप ध्यानांत येईल. वाड्याच्या जागीं इमारत उठली, चौकाच्या जागीं मोटारींचा तळ आला. पूर्वेची खिडकी उघडावी तों चार-पांच हातांवर शेजारची भिंत! अंगणांतलीं झाडें कुंड्यांत आलीं, कुंड्या गॅलरींत आल्या, आणि गॅलरीही खोलींत सामावली गेल्यावर त्या बिचाऱ्या कोपऱ्यांतल्या तिवईवर येऊन बसल्या. पाणी वेळेवर, खत वेळेवर, तरीही वेल नुसता लांबट होत जातो, पानें लहान व फिकीं पडतात, आणि घरची गृहिणी खिन्न होऊन म्हणते, "माझ्या हाताला झाड लाभत नाहीं." हाताचा ह्यांत कांहींएक दोष नसतो. झाड उपाशी असतें. पाणी व खत म्हणजे त्याचें अन्न नव्हे; अन्न तें स्वतः आपल्या पानांत शिजवितें, आणि त्या चुलीचें सरपण म्हणजे प्रकाश.

हें सरपण किती आहे हें ठरवितांना आपला डोळा मोठा फसवा साक्षीदार ठरतो. उजेड कमी झाला कीं डोळ्याची बाहुली विस्फारते आणि थोडक्यांत तो आपलें काम भागवून नेतो. पानाला ही युक्ति साधत नाहीं. भर दुपारच्या उघड्या उन्हांत सुमारें १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो. ढगाळ दिवशीं बाहेर तो १०,००० ते २०,००० वर येतो. आणि रात्रीं ज्या खोलींत आपण सुखानें वर्तमानपत्र वाचतों, तेथें तो २०० ते ५०० लक्सच असतो. मनीप्लँटसारखी सोशीक वेल ५०० ते १,००० लक्सवर जीव धरून राहते. पण फूल यावें अशी अपेक्षा असेल तर पुष्कळशा झाडांस ह्याच्या दसपट तरी उजेड हवा. हल्लीं मोबाइलवर लक्स मोजण्याची सोय मिळते. तें मोजमाप काटेकोर नसलें तरी तुलनेपुरतें पुरेसें असतें. तेंही नको असेल तर भर दुपारीं कुंडीच्या जागीं पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सांवली रेखीव पडली तर दिव्याची गरज नाहीं. पुसट पडली तर सांवलीप्रिय झाडें ठेवावींत. आणि मुळींच पडली नाहीं तर पुढील विवेचन आपल्यासाठीं आहे असें समजावें.

आतां झाडास कोणता उजेड लागतो तें पाहूं. १८८२ सालीं थिओडोर एंगेलमान ह्या जर्मन शास्त्रज्ञानें एक सुंदर प्रयोग केला. लोलकानें फोडलेले प्रकाशाचे रंग त्यानें शेवाळाच्या एका तंतूवर पाडले, आणि त्याच पाण्यांत प्राणवायूकडे धांव घेणारे सूक्ष्म जंतु सोडले. जंतूंची गर्दी जमली ती तांबड्या व निळ्या पट्ट्यांत. म्हणजे तेथेंच पानाचा स्वयंपाक जोरांत चालला होता. ह्या प्रयोगाचा आधार घेऊन बाजारांत जांभळट उजेडाचे दिवे आले, आणि झाडाला फक्त तांबडा नि निळाच रंग लागतो, हिरवा वायां जातो, असा समज रूढ झाला. परंतु १९७२ सालीं मॅक्री ह्या संशोधकानें २२ पिकांच्या पानांवर मोजमापें घेऊन दाखविलें कीं, हिरव्या-पिवळ्या उजेडाचाही पान चांगला उपयोग करून घेतें. तेव्हां साध्या पांढऱ्या उजेडावर घरांतलीं झाडें उत्तम वाढतात. जांभळा दिवा झाडास अपाय करीत नाहीं; पण त्याच्या उजेडांत हिरवें पान काळवंडलेलें दिसतें, रोग पडला तर ओळखूं येत नाहीं, आणि दाम मात्र अधिक पडतो.

ट्यूबलाइट म्हणजे तरी काय? कांचेच्या नळींत अगदीं विरळ अशी पाऱ्याची वाफ असते. वीज तींतून जातांच त्या वाफेंतून डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आंतल्या अंगास फासलेली पूड ते किरण पिऊन दृश्य प्रकाश बाहेर टाकते. उजेडाचा रंग ठरतो तो ह्या पुडीवर. म्हणून ट्यूब निवडतांना तिच्या टोंकाजवळ छापलेला मजकूर वाचण्याची संवय लावून घ्यावी. पुस्तकाचें मुखपृष्ठ वाचल्याशिवाय आपण पुस्तक विकत घेत नाहीं, तसेंच हें आहे.

त्या मजकुरांत तीन गोष्टी पाहाव्या. पहिली जाडी. टी अक्षरापुढील आकडा म्हणजे इंचाचे अष्टमांश: टी-१२ म्हणजे दीड इंच, टी-८ म्हणजे एक इंच, टी-५ म्हणजे पांच अष्टमांश इंच. जसजशी नळी बारीक, तसतसा विजेच्या मानानें उजेड साधारणपणें अधिक. दुसरी गोष्ट पुडीची प्रत. ८४० किंवा ८६५ असा तीन आंकडी अंक असेल तर आरंभींचा ८ हा चांगल्या, तीन रंगांच्या पुडीची खूण समजावी. अशी चार फुटी ३६ वॅटची नळी सुमारें ३,२५० ल्यूमेन उजेड देते. जुन्या साध्या पुडीची तेवढीच नळी सुमारें २,५०० वर थांबते. वीज तेवढीच, उजेडांत मात्र पावपट तफावत! तिसरी गोष्ट रंगाची छटा. शेवटच्या दोन आंकड्यांवर दोन शून्यें चढविलीं कीं केल्व्हिनचा अंक मिळतो. ६,५०० म्हणजे निळसर पांढरा, ४,००० म्हणजे मधला, ३,००० म्हणजे पिवळसर. निळसर उजेडांत रोप ठेंगणें व भरदार राहतें. पिवळसर उजेडांत तांबड्याचा अंश जास्त, तो फुलांस उपकारक. नुसत्या पानांच्या झाडांस ६,५०० ची नळी पुरे. फुलांसाठीं एक ६,५०० ची व एक ३,००० ची अशी जोडी लावावी, किंवा दोन्ही ४,००० च्या घ्याव्या.

एवढी उत्तम निवड करूनही दिवा छताजवळ टांगला तर सगळें व्यर्थ. बिंदूसारख्या बल्बचा उजेड अंतर दुप्पट होतांच चतुर्थांश होतो. लांब नळीच्या जवळच्या टापूंत तो साधारण निम्मा होतो. पण निम्म्याचा निम्मा होत खालीं येईपर्यंत उरतें काय? कोंवळीं रोपें नळीच्या खालीं २ ते ४ इंचांवर, फुलांचीं लहान झाडें १० ते १२ इंचांवर, आणि पानांचीं झाडें फूट-दीड फुटावर असावींत. नळी हातास फारशी चटका देत नाहीं, म्हणूनच तिला इतकें जवळ आणतां येतें. तिचा निम्मा उजेड वरच्या दिशेनें जातो. तो खालीं वळविण्यास पांढरा रंग दिलेला पत्रा वर बसवावा. नळीचीं टोंकें मध्यापेक्षां मंद असतात, म्हणून कुंड्यांच्या जागा आठवड्यास बदलाव्या. आणि नळी पेटते आहे तोंवर ती चांगलीच आहे असें मानूं नये. तिचा उजेड महिन्यागणिक उतरत असतो. डोळा तें सांगत नाहीं, पण टोंकें काळीं पडलीं कीं ती झाडाच्या कामांतून गेली असें समजावें.

दिवा किती तास लावावा? बहुतेक झाडांस १२ ते १४ तास ठीक. झाडालाही रात्र लागते, हें विसरूं नये. १९२० सालीं गार्नर व अलार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक झाडांचा फुलण्याचा मुहूर्त दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतो. आपली शेवंती थंडीच्या तोंडाशीं फुलते, ती रात्री मोठ्या होऊं लागतात म्हणून. तिच्यावर रोज दहा-अकरा वाजेपर्यंत दिवा जळत राहिला तर झाड हिरवेंगार दिसेल, पण कळी धरणार नाहीं. तेव्हां शेवंती दिव्याखालीं ठेवूं नये, आणि इतर झाडांसाठीं वेळेवर आपोआप बंद होणारी कळ बसवावी.

आतां खर्चाचा हिशेब मांडूं. शाळामास्तराची ही खोड जातां जात नाहीं. ३६ वॅटची एक नळी व तिचा जुन्या पद्धतीचा चोक मिळून सुमारें ४६ वॅट. दोन नळ्यांस ९२. रोज १२ तास धरल्यास दिवसाला १.१ युनिट, महिन्याला सुमारें ३३ युनिट. ह्याच जागीं २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी नळ्या लावल्या तर महिन्याला १४.४ युनिट. एलईडीचा उजेड बव्हंशी एकाच दिशेस पडतो, म्हणून त्याचा छापील ल्यूमेनचा आंकडा लहान असला तरी झाडाच्या पदरांत जवळजवळ तेवढेंच पडतें. वर्षाकाठीं सव्वादोनशें युनिटांचा फरक! आपल्या बिलावरील दरानें त्यास गुणून पाहावें, म्हणजे वेगळा उपदेश नको.

दुसरीही एक बाब आहे. ट्यूबमध्यें पारा असतो, कांहीं मिलिग्रॅमच, परंतु तो विषारी. म्हणूनच पाऱ्याविषयींच्या मिनामाटा कराराच्या २०२३ सालच्या परिषदेंत, सर्वसाधारण उजेडासाठींच्या अशा नळ्यांची निर्मिति व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबविण्याचें ठरलें. ह्याचा अर्थ घरांतल्या चांगल्या नळ्या आजच फेकून द्याव्या असा नव्हे. त्या आहेत तोंवर झाडांसाठीं खुशाल वापराव्या. मात्र नवी खरेदी करावयाची असेल तर पांढऱ्या एलईडीचीच करावी, आणि जुन्या पट्टींत ती बसवितांना जाणत्या वायरमनकडून जोडणी करून घ्यावी. नळी फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटें खोलीबाहेर थांबावें. केरसुणी न फिरवितां जाड कागदानें कांचा गोळा कराव्या, ओल्या कागदानें जागा पुसावी, आणि सारें झांकणाच्या बरणींत बंद करून ई-कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करावें. पाण्याची झारी व विजेची पट्टी ह्यांची गांठ पडूं देऊं नये, हें सांगावयास नकोच.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणत्या झाडासाठीं हा खटाटोप करावा? आमच्या आळींतील एका वृद्ध दांपत्याच्या घराशेजारीं सात मजली इमारत उभी राहिली आणि त्यांचें ऊन कायमचें गेलें. घरांत तुळस, मोगरा, नेचा आणि मुलीनें दिलेलें आफ्रिकन व्हायोलेट. आजीबाईंच्या गुडघ्यांना गच्ची चढवत नाहीं. एका विक्रेत्यानें भारी किंमतीचा जांभळा दिवा पुढें करून चारही झाडें फुलविण्याची हमी दिली. त्यांनीं माझा सल्ला विचारला, तेव्हां मीं सांगितलें कीं, दिवा विकत घेण्यापूर्वीं झाडांची वांटणी करूं. व्हायोलेट हें मूळचें टांझानियाच्या डोंगरांतलें, झाडींच्या सांवलींत वाढणारें. त्याला दोन पांढऱ्या नळ्या पुरेशा झाल्या, आणि तीन महिन्यांत त्यानें कळ्या धरल्या. नेचा त्याच पट्टीच्या कडेला सुखानें राहिला. मोगरा हें उन्हाचें लेंकरूं. त्याला दिव्याच्या आशेवर ठेवणें म्हणजे त्याचें मरण लांबविणें होय. तो समोरच्या मोकळ्या गॅलरीच्या घरीं दिला. मोसमांत तेथून फुलांची पुडी येते.

प्रश्न उरला तुळशीचा. ती दुसऱ्यास देण्याचा विचारही आजीबाईंस सहन होईना, आणि ट्यूबच्या उजेडावर तुळस कशीबशी जगते, बहरत नाहीं. तेव्हां लहान कुंड्यांत दोन तुळशी लाविल्या. एक आठ दिवस गच्चीवर उन्हांत, दुसरी देवघरापाशीं. दर रविवारीं नातू त्यांची अदलाबदल करतो. पूजा चुकत नाहीं, आणि तुळसही कोमेजत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, दिवा घेण्यास दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतल्या प्रत्येक झाडाची विचारपूस करा. नेचा, मनीप्लँट, बिगोनिया, व्हायोलेट, मेथी-कोथिंबिरीचीं रोपें ह्यांस दिवा द्या. गुलाब, जास्वंद, मोगरा, तुळस ह्यांस ऊन द्या. आणि तें आपल्या घरीं नसेल तर ज्याच्या घरीं असेल त्याच्याशीं स्नेह जोडा.